आकड्यांची पाटी

आठची उपासना मराठी, दहाची कन्नड.
मधल्या वेळात मी स्टुलावर चढतो
आणि गीतांच्या पाटीवरचे आकडे बदलतो.
आकडे इंग्रजी आहेत, शिसवी लाकडाचे.
कुणा जुन्या पंचाची ती हुशारी.
बाहेर पाट्यांवरून दगड उडाले, डांबर फासलं गेलं,
बसगाड्या दोन-दोन दिवस हद्दीवर अडून राहिल्या;
आत मात्र एकशे बारा म्हणजे एकशे बारा,
ज्यानं त्यानं आपल्या जिभेनं म्हणावा.

सहा एकच उरलाय. नऊ दोन आहेत.
सहा कमी पडला की नऊ उलटा टांगतो.
देवाला चालतं.

खानापुरात कौलांच्या कारखान्यात
मी एकतीस वर्षं माल तपासला.
कौल कडेला दोन बोटांत धरायचं
आणि दुसऱ्या हाताचं पेर मारायचं.
कच्चं असलं तर थप म्हणतं.
नीट भाजलेलं खण्णकन वाजतं,
बोट काढलं तरी थोडा वेळ वाजत राहतं.

सुख मी पाहिलं नाही असं नाही.
बोनसच्या संध्याकाळी कुंद्याचा पुडा नेताना पाहिलं,
धाकटीच्या लग्नात पाहिलं,
लोंढ्याच्या गाडीसारखं यायचं ते,
दोन मिनिटं थांबायचं,
खिडकीतल्याचं तोंड ओळखू येईतो सुटायचं.

मग घरोघर स्लॅब पडले. भट्टी विझली.
मग सलोमी गेली, फेब्रुवारीत,
अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या तशाच ठेवून.
त्या मी गोळा केल्या नाहीत. कुणी केल्या, ठाऊक नाही.

तिसऱ्या रविवारी चर्चला गेलो
तो फक्त पाटीची पाळी माझी म्हणून.
देवाशी बोलणं बंद होतं.
स्टुलावर उभा, हातात उलटा नऊ,
आणि तो खिळ्यात बसेना.
खालून मार्थव्वा म्हणाली, "अण्णा, सावकाश."
दहाच्या उपासनेला नऊलाच येऊन बसणारी मार्थव्वा,
मलप्रभेच्या पुरात दोन्ही मुलगे गेलेली.
तिचं तोंड उजळलेलं पाहून मी खेकसलो,
"तुला बरं हसू येतंय!"
"नगु अल्ला, अण्णा," ती म्हणाली. "संतोष."

आमच्यात संतोष म्हणजे
ताटात पडेल तेवढ्यावर हात धुणं.
त्यांच्यात संतोष म्हणजे आनंदच,
काठाबाहेर जाणारा.
एक शब्द, हद्दीच्या दोन्ही अंगांना नांदणारा.
तिच्या ताटात काय पडलं होतं
ते मला ठाऊक होतं.

"कसा?" मी विचारलं.
तिला तेवढं मराठी येत नव्हतं, मला कन्नड.
ती बाकावर बोटाचं पेर वाजवत बसली,
गाण्याआधी माणसं उगीच वाजवतात तसं.
एकतीस वर्षांचा कान माझा.
कच्चं नव्हतं ते.

त्या दिवशी मी दहालाही बसलो.
अर्ध्याच्या वर कळलं नाही.
आम्ही येशू म्हणतो, ते येसु म्हणतात,
तेवढं कळलं, आणि पुरलं.
उठताना मी त्याला म्हणालो,
"मी अजून रागावलोय."
इतक्या दिवसांत हेच पहिलं बोलणं.

दुःख कुठं गेलेलं नाही.
सलोमीच्या चपला अजून दाराशी आहेत.
पण त्याच्या खाली काहीतरी वाजायला लागलंय,
बोट काढलं तरी थांबत नाही.
सोमवारीही वाजतं,
बाजारात रताळी निवडताना,
रात्री गळक्या कौलाखाली टोपलं सरकवताना
(कौलवाल्याचंच घर गळतं, हसा खुशाल).

येत्या रविवारी पाळकसाहेबांनी सहासष्ट सांगितलंय.
सहा तर एकच आहे.
मी नऊ पुसून ठेवलाय.